पोळ्यापर्यंतचा सेल

अजूनही दुपारी डोळा लागला की मला आकडे दिसतात. माणसं दिसत नाहीत, दुकान दिसत नाही, नुसते आकडे. काळोखात तरंगणारे. आधी लाल, मग हिरवे, शेवटी करडे. करडे सगळ्यात शांत. ते विझतात तेव्हा कळतसुद्धा नाही. थंडीत मेहरूण तलावावरची वाफ उन्हं वर आली की निघून जाते, तसे जातात. मग जाग येते, हात उशाशी जातो आणि मोबाईल हाताला लागतो. त्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं, बॅटरी एकसष्ट टक्के.

त्या टक्क्यांचा मला राग येतो. ज्या कामावर मी घर बांधलं, ते काम आता काचेचा एक कोपरा फुकटात करतो आणि लोक त्यावर मुकाट विश्वास ठेवतात. माझ्यावर विश्वास ठेवायला त्यांना अर्धा तास घासाघीस लागायची.

काम सांगतो. जळगावच्या एस. टी. स्टँडबाहेर मी आधी पेटी घेऊन फुटपाथवर बसलो, मग टपरी टाकली, मग सहा फूट रुंदीचं दुकान घेतलं. शिक्षण नववी, तेही अर्धवट. घड्याळं, ट्रान्झिस्टर आणि ऐंशीच्या पुढेमागे बाजारात आलेले हातातले कॅल्क्युलेटर. दुरुस्ती सगळेच करत. 'हा सेल किती दिवस चालेल' हे सांगणारा मात्र मी एकटा होतो.

सेल म्हणजे पाण्याचा माठ समजा. कॅल्क्युलेटर म्हणजे त्या माठाला पडलेलं भोक. माठ केवढा आणि भोक केवढं हे कळलं, की माठ कधी रिकामा होईल हे शाळेतलं पोरही सांगेल. भोक केवढं ते मला मीटरचा काटा दाखवायचा. पण आमच्या खानदेशातल्या मे महिन्यात माठाला भोक नसलं तरी पाणी आटतं, सेलचंही तसंच. म्हणून बाकीचं गिऱ्हाइकाला विचारावं लागे. रोज किती वेळ वापरता? काम झालं की बंद करता का? आणि ठेवता कुठे, सावलीत की उन्हात?

दुसऱ्या प्रश्नाला सगळे खोटं बोलत. मग मी बटणाची कड बघायचो. अंगठ्याने घासून रंग उडालेला असला तर माणूस खरा. कड कोरी असली तर तो मशीन चालूच ठेवून जेवायला जाणारा.

कापसाचा एक दलाल होता. त्याच्याकडे लाल आकड्यांचं जुनं मशीन. लाल आकडे म्हणजे उजेडाच्या काड्याच; एक लिहायला दोन काड्या पेटतात, आठ लिहायला सात. हा गृहस्थ पाहुण्यांना दाखवायला दिवसभर पडदाभर आठ लावून ठेवायचा. आठवड्यात सेल संपला की दुकानात हजर.

"तुझा सेल खोटा आहे."

"सेल खरा आहे, शेठ. तुमची हौस खोटी आहे. एक लावून ठेवा, तिप्पट चालेल."

"एक दाखवून माझी काय इज्जत राहील?"

मी त्याचं मशीन रस्त्यावर भिरकावणार होतो. शेजाऱ्याने हात धरला.

माझी आणखी एक पद्धत होती. गिऱ्हाइकांना तारखा लक्षात राहत नसत, सण राहत. म्हणून सेलच्या झाकणाआत मी चिठ्ठी चिकटवायचो, 'आखाजीपर्यंत', 'पोळ्यापर्यंत', 'दसऱ्यापर्यंत'. आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. त्याआधी सेल गेला तर दुसरा फुकट. अंदाज निघेल त्यातून दहावा हिस्सा कमी करूनच मी शब्द द्यायचो. त्यामुळे फुकट सेल देण्याची वेळ फारशी आलीच नाही. सेल मी धुळ्याहून, आग्रा रोडवरच्या एका ठोक व्यापाऱ्याकडून आणायचो. आम्ही त्याला नुसतं शेठ म्हणायचो. हळू बोलणारा, सावकाश हसणारा माणूस. ते शेठ पुढे या गोष्टीत यायचे आहेत.

एका उन्हाळ्याच्या शेवटी, वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, चोपड्याकडची एक म्हातारी दुकानाच्या पायरीवर आली. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव तिचं. सगळे तिला अक्का म्हणत, म्हणून मीही. तिच्या हातात गोमुखी होती. गोमुखी म्हणजे जपाची माळ झाकून ठेवायची कापडी पिशवी; हात आत, माळ आत, बाहेरच्याला काही दिसू नये म्हणून. अक्काने ती काउंटरवर ठेवली तेव्हा आत काहीतरी टणक वाजलं. आत माळेबरोबर कॅल्क्युलेटर होता.

"सेल बदलानं शे," ती म्हणाली. "पन बंद करू नको. आनि देखू नको."

"न बघता कसा बदलू, अक्का?"

"ते तुनं तू देख."

हळूहळू उलगडा झाला. तिने लाख माळांचा संकल्प केला होता. अक्षर-आकड्याशी तिची ओळख नव्हती. मुलाने आदल्या वर्षीच्या आखाजीला हे मशीन आणून दिलं आणि असं लावून दिलं की एकच बटण दाबलं की एक वाढावा. बाकीच्या बटणांवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. माळ संपली की गोमुखीच्या आत अंगठा दाबायचा, बस. पण मशीन बंद झालं की आकडा गेला. म्हणून ते रात्रंदिवस चालू. आजवर चोपड्याचा एक घड्याळवाला चालू मशीनचा सेल बदलून द्यायचा; त्याचं दुकान बंद झालं म्हणून ती माझ्याकडे आली.

"मुलगा वाचून दाखवत नाही का?"

"कयेल जप बोलाना नही, देखाडाना नही." केलेला जप सांगायचा नाही, दाखवायचा नाही, असा तिचा नेम. वर्षातून एकदा, आखाजीला, ती स्वतः डोकावायची. तिला एवढंच ठाऊक होतं की एक काठी आणि तिच्यापुढे पाच भोपळे दिसले की लाख भरला. तोवर तिने केळं सोडलं होतं. घरामागे केळीची बाग, गावभर केळीची बाग, चोपड्याच्या रस्त्याने केळीचे ट्रक, आणि ही बाई केळं तोंडात घालत नव्हती. संकल्प कशासाठी, असं मी विचारलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा विचारलं नाही.

मी पडद्यावर कागदाचा तुकडा चिकटवला, आकडा झाकला. मग जुन्या सेलच्या दोन टोकांना दोन तारांनी दुसरा सेल जोडला, जुना हळूच काढला, नवा बसवला, तारा सोडल्या. मशीनला कळलंही नाही. सगळा वेळ अक्का माझ्या डोळ्यांकडे बघत होती, हातांकडे नाही.

"कितला दिन चाली?"

काटा बघितला. चोवीस तास चालू धरून शंभर दिवस निघत होते. दहावा हिस्सा काढला, नव्वद. वटपौर्णिमेपासून पोळा म्हणजे अडीच महिने, पंच्याहत्तर दिवस. वर पंधरा दिवस शिल्लक. मी छातीठोक सांगितलं, पोळ्यापर्यंत. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून चिठ्ठीवर बैल काढला. वशिंड, शिंगं, गळ्यात माळ.

तिने चिठ्ठी लांब धरून बघितली. "हाऊ बैल शे का बोकड?"

"शिंगं बघा ना, अक्का."

"बोकडलेबी शिंगं ऱ्हातस."

पोळा झाला, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी अक्का आली. गोमुखी माझ्या हातात दिली. मी आत हात घालून मशीन काढलं, कागद चिकटवायला पडदा वर केला. पडदा कोरा होता. तिने तो बघितलाच नव्हता. बघायचा नव्हता ना. किती दिवस ती मेलेलं बटण दाबत होती, देव जाणे.

"काय व्हयनं?"

"सेल गेला, अक्का."

"आनि मना आकडा?"

मी सेलचं झाकण उघडलं. आत बैलाची चिठ्ठी तशीच होती.

"तू बैल काढी दिन्हा व्हता ना!"

मी फुकट सेल काढून पुढे ठेवला. तिने तो बोटाने परत ढकलला. "सेल नको. आकडा भरी दे. तू गमाडा, तू भरी दे."

"किती होता ते तरी सांगा!"

"बोलाना नही."

मग आमचं जुंपलं. मी ओरडलो की जे मला माहीत नाही ते मी कुठून भरू. ती ओरडली की सणाचं चित्र काढताना माहीत होतं, ते आता कसं नाही. स्टँडवरचे लोक जमले. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याइतकं घासणारं माणूस भेटलं होतं. शेवटी मी कबूल केलं. भरून देतो, पण अंदाजाने. ती म्हणाली, अंदाज खरा पाहिजे.

खरं तर माझा राग तिच्यावर नव्हताच. तो मला कुठेतरी नेऊन टाकायचा होता. दुसऱ्या दिवशी पहिली गाडी पकडून धुळे गाठलं आणि शेठच्या दुकानात सेलांचा अख्खा डबा काउंटरवर उपडा केला.

"शिळा माल देता? पत्र्याच्या गोदामात उन्हाळाभर भाजलेला?"

"घातला कधी होता, भाऊ?" शेठने विचारलं.

"वटपौर्णिमेला!"

"आणि द्यायचा कुठवर होता?"

"पोळ्यापर्यंत!"

शेठ बोटांची पेरं मोजायला लागले. "जरा थांबा, ज्येष्ठ, आषाढ..."

"मोजायचं काय त्यात? मी मोजलेलं आहे!" चार व्यापाऱ्यांसमोर मी त्यांना लबाड म्हणालो. पुन्हा या पायरीवर पाय ठेवणार नाही म्हणालो. निघालो तेव्हा ते तसेच बसले होते, अंगठा बोटाच्या पेरावर ठेवून, काहीतरी सांगायला तोंड उघडलेलं. त्यानंतर मी सुरतेहून माल आणला. महाग पडला, तरी आणला.

मग अक्काचं गाव. माणसाला न विचारता त्याचा वापर कसा काढायचा, हे मला येत होतंच. तिच्या ओट्यावर बसायचं आणि कान द्यायचा. दोन दिवस मी तिच्याकडे राहिलो. ती सकाळ मला अजून स्वप्नात दिसते, आकड्यांनंतर. पुढे सातपुडा निळा, इतका जवळ की हात लावावा. मागे केळीची पानं एकमेकांना घासतायत. अक्का खांबाला टेकून डोळे मिटून बसलेली, ओठ हलतायत, आवाज नाही. माझ्या मांडीवर घड्याळ. आणि गोमुखीतून मधूनच एक बारीकसा आवाज, टिक. मग पुन्हा बराच वेळ नुसती पानं. पुन्हा टिक. मी श्वाससुद्धा बेताने घेत होतो. मोजता मोजता मला वाटायला लागलं की घड्याळ तिच्या हातात आहे आणि माझ्या मांडीवर आहे ते नुसतं पत्र्याचं डबडं. सकाळच्या माळा, संध्याकाळच्या माळा, दोन्ही दिवस जवळजवळ सारख्याच भरल्या.

पुढचं सोपं होतं. मशीन आलं त्या आखाजीपासून पुढची आखाजी एक वर्ष, तिथून पोळा चार महिने. दिवस गुणिले माळा. आणि सवयीने दहावा हिस्सा कमी. जास्त भरला आणि लाख व्हायच्या आधीच म्हातारीने केळं खाल्लं तर ते पाप माझ्या डोक्यावर. कमी भरला तर दोन माळा जास्त होतील, त्याने काय बिघडतं? अक्का माझ्याकडे पाठ फिरवून बसली. मी आकडा भरला, एकाची बेरीज लावून दिली, रबर पुन्हा चिकटवलं.

"भरा?"

"भरला."

"खरा?"

"माझा अंदाज चुकत नाही, अक्का."

"हा," ती म्हणाली. "बैल देखा मी."

त्यानंतर ती दर सणाला येत राहिली. दसऱ्याला मी आपट्याचं पान काढायचो, दिवाळीला पणती, संक्रांतीला पतंग, होळीला पिचकारी, आखाजीला झोका. प्रत्येक चित्राला तिने नावं ठेवली. आता मी दहावा नाही, तिसरा हिस्सा कमी धरत होतो. एकदाही सेल मध्येच गेला नाही. मनात मात्र धुळ्याच्या शेठचा काटा सलत होता. माझी आयुष्यातली एकमेव मोठी चूक, आणि तीही दुसऱ्याने करवलेली! येईल त्याला मी ती गोष्ट सांगायचो. आग्रा रोडच्या मालाला हात लावू नका म्हणायचो.

तीन वर्षांनी माझ्या सासुरवाडीला, पारोळ्याला, धोंड्याच्या महिन्याचं जेवण होतं. अधिक महिना आला की जावयाला बोलावतात, ताटात तेहतीस अनारसे घालतात. सासूबाईंनी ताट पुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "मोजून घ्या बरं का. मागच्या धोंड्याला बत्तीसच आहेत म्हणून भांडला होतात."

"मागचा धोंडा कधी होता?"

"असं काय करता, तीन वर्षं झाली ना! दोन श्रावण आले होते त्या साली."

अनारसा हातातच राहिला. ज्येष्ठ, आषाढ, अधिक श्रावण, श्रावण. वटपौर्णिमेपासून पोळा त्या साली अडीच नाही, साडेतीन महिन्यांवर होता. शेठचा सेल माझ्या हिशेबाप्रमाणे नव्वद दिवस इमानाने चालला असणार आणि पोळ्याच्या पंधरा दिवस आधी संपला असणार. मी सणाचं चित्र काढलं आणि त्या सालात एक महिना जास्त आहे हे विसरलो. त्याच महिन्यात याच पाटावर बसून अनारसे मोजून खाल्ले होते, तरी विसरलो. शेठ पेरांवर तेच मोजत होते.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. अक्काचा आकडा भरतानाही मी तो महिना धरला नव्हता. आणि अधिक महिना म्हणजे जपाचाच महिना. त्यात बायका दुप्पट जप करतात. वर माझा दहावा हिस्सा. रात्री मी पुन्हा मांडलं. त्या महिन्याचे दुपटीने दोन महिने, आणि सोळा महिन्यांचा दहावा हिस्सा म्हणजे दीड. म्हातारीच्या साडेतीन महिन्यांच्या माळा मी खाऊन बसलो होतो.

धुळ्याला गेलो. शेठच्या दुकानासमोर, रस्त्याच्या अलीकडे उभा राहिलो. ते आत दिसत होते, चष्मा कपाळावर सरकवून कुणाला तरी माल दाखवत. रस्ता ओलांडला नाही. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा तिथे चपलांचं दुकान होतं आणि शेठ कुठे गेले ते नीट कुणाला सांगता आलं नाही. माझी तक्रार मात्र अजून आहे. बरोबर असलेल्या माणसाने इतकं हळू का बोलावं? जरा ओरडले असते माझ्यावर तर काय बिघडलं असतं?

अक्का पुढच्या सणाला आली. मशीन माझ्या हातात, पडद्यावर कागद. राहिलेल्या माळा गुपचूप भरून टाकायला मिनिट लागलं नसतं. अंगठा रबरापर्यंत गेलाही. पण तिला न सांगता भरायचं मनाला पटेना, आणि सांगायचं तर 'माझं चुकलं' म्हणावं लागणार. ते वाक्य मला येत नव्हतं. मी स्वतःला समजावलं की अंदाज पुन्हा चुकला तर? कमी असलेलंच बरं. सेल बदलला, चित्र काढलं, तिला पाठवून दिलं. असं दीड वर्ष चाललं.

मग थंडीच्या दिवसांत, कुठलाच सण नसताना, ती आली. एका हातात गोमुखी, दुसऱ्या हातात पिशवी. पायरी चढताना तिचे डोळे लहान मुलीसारखे झाले होते. तिने मशीन बाहेर काढून काउंटरवर ठेवलं. "आते देख."

भरून दिल्यानंतर तो आकडा मी पहिल्यांदा पाहिला. करडा, शांत. एक काठी, पाच भोपळे.

स्टुलावर टेकून तिने पिशवीतून केळ्यांची फणी काढली, एक केळं तोडलं, देठाला नख लावलं.

"अक्का, थांबा," मी म्हणालो.

आणि सगळं सांगून टाकलं. बैल, दोन श्रावण, दहावा हिस्सा, अनारसे. तुमचा लाख साडेतीन महिन्यांपूर्वीच झाला होता, हेही.

"धोंड्याना महिनामा मी दुप्पट माळा करस," ती शेवटी म्हणाली, "नि तू तो महिनाच मोजा नही?"

"नाही."

"कव्हय समजनं तुले?"

"दीड वर्ष झालं."

"दीड वरीस!" तिचा आवाज स्टँडपर्यंत गेला असेल. "मांगे बागमा केळा पिकेत. वास उना का मी नाकले पदर लाईसन घरमा जास. नि तू आठे गप बठना?"

मी मान खाली घातली. वाटलं, आता उठून जाईल. ती उठली नाही. तिने केळं सोललं आणि खाल्लं. सावकाश, डोळे मिटून, जप करताना बसायची तसंच बसून. मग साल माझ्या हातावर ठेवली. "हाऊ एक महिना."

दुसरं सोललं, खाल्लं, साल माझ्या हातावर. "हाऊ दुसरा." तिसरंही तसंच. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती; दोघांनाही काही कळेना. चौथं केळं तिने मधोमध मोडलं. एक अर्धं खाल्लं. दुसरं अर्धं सालीसकट माझ्यापुढे ठेवलं.

"साडेतीन व्हयनात. उरनं ते तुनं."

मी खाल्लं. अतिशय गोड होतं.

"आते बंद कर," ती म्हणाली.

मी बटण सरकवलं. काठी गेली, भोपळे गेले. पडद्यावर क्षणभर त्यांची सावली राहिली, मग तीही गेली. मशीन तिने नेलं नाही. गोमुखी घडी करून कमरेला खोचली आणि चोपड्याची गाडी पकडायला निघाली.

ती गेल्यावर मी सेल काढून मीटरला लावला. काटा चांगला वर गेला. त्यात बरेच दिवस शिल्लक होते. तो सेल घरी नेऊन भिंतीवरच्या घड्याळात घातला. सवयीने चिठ्ठी घेतली, पेन्सिल टोकावली. मग किती वेळ घड्याळाची टिकटिक ऐकत बसलो. चिठ्ठी कोरीच ठेवून दिली.